‘फँटसी’ला मराठीत काय म्हणावे? ‘अद्भुतरम्य’ या शब्दाविषयी

फोंड्याहून :

आमच्या वाचनमंडळात गेल्या रविवारी आवडत्या फँटसीकाराविषयी दोन तास वाद झाला. काही जण टॉल्किन यांच्या बाजूचे होते, काही उर्सुला ल ग्विन यांच्या. तेवढ्यात एका ज्येष्ठ बाईंनी जी. ए. कुलकर्णी यांचे नाव घेतले आणि चर्चा लेखकांवरून शब्दावर आली, कारण जी.ए. या यादीत बसतात की नाही हे ठरवायचे तर मराठीत आपण फँटसी नेमके कशाला म्हणतो, हे आधी ठरायला हवे होते आणि ते आमच्यापैकी कोणालाही सांगता येईना.

प्रचारात असलेला शब्द ‘अद्भुतरम्य’. माझा आक्षेप त्यातल्या ‘रम्य’ला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 1861 सालच्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीला समीक्षकांनी हे विशेषण लावले ते योग्यच होते; तिथे संकटे येतात, पण ताटातूट झालेल्यांची भेट होते आणि वाचक प्रसन्न मनाने पुस्तक मिटतो. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो मात्र सगळे जग वाचवून घरी परततो आणि त्याच घरात त्याला राहवत नाही. जखम भरत नाही, म्हणून तो समुद्रापलीकडे निघून जातो. त्या निरोपाला रम्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जी.ए. यांच्या ‘रमलखुणा’ या कथासंग्रहातील (1975) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या कथांत तर नकाशावर नसलेला प्रदेश आहे, कालगणनेत न बसणारा काळ आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनावर उरते ते नियतीचे ओझे. ‘रम्य’ला धरून बसलो तर जी.ए. बाहेर राहतात, हे मला मान्य नाही. आपण सर्वांनी मत द्यावे.

म्हापशाहून :

आपला आक्षेप पटतो, पण मी ‘अद्भुत’ही सोडून ‘स्वैरकल्पना’ घेईन. मूळ ग्रीक शब्द दृश्यमान करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. जे समोर नाही ते मनापुढे उभे करणे, म्हणजेच कल्पना. ‘अद्भुत’ म्हटले की देवादिकांचे चमत्कार आले, आणि चमत्कारांवर लोकांची श्रद्धा असते. इथल्याच बोडगेश्वराचे उदाहरण घ्या. हा आमच्या गावाचा राखणदार. रात्री दंडा टेकत तो सीमेवरून फिरतो, हे माझ्या आजीने मला गोष्ट म्हणून कधीच सांगितले नाही. शेजारी काल बाजारात गेला होता हे जसे सांगावे, तसे सांगितले. टॉल्किन यांच्या वाचकाला मात्र पहिल्या पानापासून ठाऊक असते की हे रचलेले आहे. दोन्हींना एकाच शब्दाखाली घालणे हा आजीवरही अन्याय आहे आणि लेखकावरही. शिवाय ‘देवचार’ या शब्दाचे आपल्याकडे काय झाले ते पाहावे : हिंदू घरांत तो राखणदार, ख्रिस्ती घरांतल्या कोंकणीत तोच सैतान. श्रद्धेच्या प्रदेशातले शब्द वाङ्मयप्रकाराला लावताना जपून राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

डिचोलीहून :

‘चमत्कारिक’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच लिहितो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ असे नाव दिले तेव्हा त्यात विस्मयाचा अर्थ होता. आज ‘तो माणूस चमत्कारिक आहे’ म्हटले की लोक त्याच्यापासून दोन हात दूर राहतात. ‘विचित्र’ही याच वाटेने गेला. हे दोन्ही शब्द आता या कामाचे राहिले नाहीत.

फोंड्याहून :

डिचोलीकरांशी मी पूर्ण सहमत आहे. म्हापशाच्या पत्राला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण त्यातला श्रद्धेचा मुद्दा खरा आहे आणि ‘स्वैर’ हा शब्द मला चुकीचा वाटतो.

स्वैर म्हणजे आपल्या मर्जीने वागणारे, कोणाचे बंधन न मानणारे. हा वाङ्मयप्रकार तसा नाही. टॉल्किन यांनी 1939 साली स्कॉटलंडमध्ये दिलेल्या व्याख्यानात परीकथांविषयी जो विचार मांडला, त्याचे सूत्रच असे की लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाची आतली सुसंगती सांभाळली नाही, तर वाचकाचा विश्वास तत्क्षणी उडतो. ल ग्विन यांच्या ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (1968) तर जादूवरच निर्बंध आहेत. वस्तूचे खरे नाव ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर सत्ता चालत नाही, आणि सत्ता चालवली की जगाचा तोल ढळतो. म्हणून माणसे आपले खरे नाव जिवाभावाच्या माणसाशिवाय कोणाला सांगत नाहीत. अंधार पडल्यावर सापाचे नाव न घेता ‘जिवाणे’ म्हणणाऱ्या आपल्या घरांना हा नियम मुद्दाम समजावून द्यावा लागत नाही. शेवटी कादंबरीचा नायक गेड ज्या सावलीपासून पळत असतो, तिला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. इतक्या काटेकोर रचनेला स्वैर कसे म्हणावे? (माझ्या आवडत्या लेखिका कोण, हे आता वेगळे सांगायला नको.)

आता ‘अद्भुत’. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक आहे आणि त्याचा स्थायीभाव विस्मय आहे, श्रद्धा नव्हे. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात या शब्दाची फोड ‘अभूतम् इव’ अशी दिली आहे, म्हणजे जणू न घडलेले. आधुनिक भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती रुचो वा न रुचो, या वाङ्मयाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. त्यातल्या ‘इव’कडे लक्ष द्यावे.

राहिला आजीचा प्रश्न. तिचे सांगणे ही हकिकत होती, आणि टॉल्किन, ल ग्विन, जी.ए. लिहितात ती कथा. म्हणून ‘रम्य’ काढून तिथे ‘कथा’ ठेवावी : अद्भुतकथा. गूढकथा, भयकथा, विज्ञानकथा हे शब्द मराठीने याच घडणीने केले आहेत, त्यामुळे हा शब्द त्यांच्या पंगतीला सहज बसतो. मोठ्या ग्रंथांसाठी अद्भुत कादंबरी म्हणता येईल.

म्हापशाहून :

हकिकत आणि कथा हा भेद मला मान्य आहे. ‘स्वैर’ मी मागे घेतो. मात्र या कथांच्या अनुवादात ‘जादूगार’ लिहू नये, ही विनंती. त्या शब्दाने रंगमंचावर टोपीतून कबुतर काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘मांत्रिक’ अधिक जवळचा आहे, कारण ल ग्विन यांची विद्या उच्चारलेल्या शब्दाचीच आहे. गावातला भूतबाधा उतरवणारा ‘घाडी’ मात्र घेऊ नये. तो आजीच्या हकिकतीतला आहे.