शनिवारची सर्वसाधारण सभा आणि शीत आघाडी

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
विषय: शनिवारच्या सभेबाबत विचारणा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी दोन ते सहा या वेळेत ठरलेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेबद्दल अनेक सभासदांनी विचारणा केली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या पूर्वसूचनेत शनिवारी दुपारी जोरदार शीत आघाडी, म्हणजे उबदार हवेला हटवत येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, आपल्या भागातून पुढे सरकणार असल्याचा उल्लेख आहे. परंतु फोनवरील ॲपमध्ये त्या दिवशीचे कमाल तापमान ४६ अंश फॅरनहाइट दिसते आणि बर्फ जेमतेम एक ते दोन इंच. एवढ्याशा बर्फासाठी सभा पुढे ढकलू नये, असे काही जणांचे म्हणणे आहे. रविवारचे कमाल तापमान १४ अंश असल्यामुळे त्यापेक्षा शनिवारच बरा, असेही मत आले आहे. कार्यकारिणीला शुक्रवारी सकाळपर्यंत निर्णय कळवायचा असल्याने या विषयाची जाण असलेल्या सभासदांनी आपले मत कृपया आजच मांडावे.

आपली,
सचिव


प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: शनिवारच्या सभेबाबत विचारणा

सचिव महोदया,
सप्रेम नमस्कार.

ॲपमधले ४६ अंश खरे आहेत, फक्त ते सकाळी साडेअकराच्या सुमाराचे आहेत. आपली सभा सुरू होईल तेव्हा ते तापमान उरलेले नसेल आणि सभा संपेल तेव्हा पारा १८ अंशांवर आलेला असेल. दिवसाला एक कमाल आणि एक किमान आकडा देण्याची पद्धत ऊन चढते तसे तापमान चढते आणि सूर्य कलला की ते उतरते अशा साध्या दिवसांसाठी पुरेशी असते. शीत आघाडी जाते त्या दिवशी मात्र दिवसाचे सर्वाधिक तापमान सकाळी, क्वचित मध्यरात्रीनंतर लगेचही नोंदवले जाते आणि भर दुपारी पारा घसरत असतो. म्हणून अशा दिवशी ॲपचे मुखपृष्ठ बाजूला ठेवून हवामान सेवेच्या संकेतस्थळावरचा तासातासाचा आलेख उघडावा, आणि त्यातही तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा; हवा कोरडी तितका तो खाली) व वाऱ्याची दिशा या तीन रेषा एकत्र पाहाव्यात. दक्षिणेकडून येणारा वारा ज्या तासाला वायव्येकडे वळलेला दिसेल आणि दवबिंदू ज्या तासाला कोसळेल, तो आघाडी येण्याचा तास. सध्याच्या आलेखात तो दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आहे.

हे असे का घडते ते थोडक्यात सांगतो. थंड हवा जड असते, त्यामुळे ती पाचरीसारखी उबदार हवेच्या खाली घुसते आणि तिला वर ढकलते. शीत आघाडीचा उतार उष्ण आघाडीपेक्षा (थंड हवेवर चढत येणाऱ्या उबदार हवेच्या कडेपेक्षा) बराच तीव्र असल्यामुळे उबदार हवा झपाट्याने वर चढते, आणि पाऊस किंवा बर्फ रुंद प्रदेशावर दिवसभर रेंगाळण्याऐवजी एका अरुंद पट्ट्यात जोराने पडून जातो. आघाडीपूर्वी हवेचा दाब उतरत जातो आणि ती ओलांडून गेल्यावर तो झपाट्याने चढतो. दाबातल्या याच फरकामुळे आघाडीमागचा वारा इतका झोंबरा असतो. शनिवारी संध्याकाळी ताशी ४५ मैलांपर्यंत झोत येण्याचा अंदाज आहे.

हा बदल किती वेगाने होऊ शकतो याची दोन नोंदलेली उदाहरणे देतो. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत पारा ८३ अंशांपर्यंत चढला आणि त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत १७ अंशांवर उतरला. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक असे दोन्ही विक्रम त्या एकाच दिवसाच्या नावावर आहेत. २१ डिसेंबर २०२२ रोजी वायोमिंगमधील शायान येथे अर्ध्या तासात तापमान ४० अंशांनी घसरले. शनिवारची आघाडी या पंक्तीतली नाही. तरीही ४६ वरून मध्यरात्रीपर्यंत ७ अंश ही घसरण हलक्यात घेण्यासारखी नाही.

मला खरी चिंता रस्त्यांची वाटते. आपल्याकडे चर्चा होते ती किती इंच बर्फ पडणार याची, आणि एक-दोन इंच ऐकले की सगळे निर्धास्त होतात. शनिवारी मात्र सकाळी अकरापासून पाऊस असेल. तो पाऊस रस्ते पूर्ण ओले करील, आणि आदल्या रात्री पालिकेने मीठ पसरले असेल तर तेही धुऊन नेईल. आघाडी गेल्यावर तीनच्या सुमारास तापमान गोठणबिंदूखाली, म्हणजे ३२ अंशांखाली, जाईल आणि तेच पाणी रस्त्यावर पातळ, पारदर्शक थरासारखे गोठू लागेल. पूल आणि उड्डाणपूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना जमिनीची ऊब मिळत नाही आणि थंड वारा त्यांच्या वरून व खालून, दोन्हीकडून वाहतो. त्यानंतर वरून इंचभर भुरभुरीत बर्फ पडला की खालची काच झाकली जाते. आठ इंच बर्फ दिसतो, त्यामुळे माणूस घरी बसतो किंवा जपून गाडी चालवतो. या इंचभर बर्फाखाली काय आहे ते मात्र चाक घसरेपर्यंत कळत नाही. याच वेळी पुन्हा मीठ टाकता येत नाही का, असे कोणी विचारील. टाकतात, परंतु साधे मीठ साधारण १५ अंशांखाली फारच मंद काम करते, आणि शनिवारी रात्री आठनंतर आपण त्या खाली असू. म्हणजे सभासद घरी परतायला निघतील तेव्हा रस्ते सर्वांत वाईट असतील आणि ते सुधारण्याचा उपायही तेव्हाच निकामी होत चाललेला असेल.

तेव्हा शनिवारी दुपारची सभा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी दहा ते बारा घेता आली तर चालेल, परंतु आघाडी दोन तास आधी आली तर सगळे जण वाटेतच सापडतील. रविवारी दुपारची वेळ सर्वांत सुरक्षित वाटते.

आपला,
एक सभासद


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारच्या सभेबाबत विचारणा

नमस्कार.

वरील पत्र मन लावून वाचले, परंतु माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की गेल्या हिवाळ्यात आठ इंच बर्फाचा अंदाज होता, आपण कार्यक्रम रद्द केला आणि प्रत्यक्षात काहीच पडले नाही. मग या वेळच्या अंदाजावर इतका विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? दुसरी शंका रविवारच्या १४ अंशांची. आमच्याकडे सध्या भारतातून आलेले आईवडील आहेत, आणि अनेकांकडे तसे असतील. शनिवारी १८ आणि रविवारी १४ असेल तर वडीलधाऱ्यांना अधिक थंड दिवशी बाहेर काढण्यात शहाणपण काय? इतक्या थंडीत वाऱ्यामुळे गाड्या चालू होणार नाहीत, असेही ऐकले आहे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद


प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारच्या सभेबाबत विचारणा

काका, सादर नमस्कार.

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीविषयी असे म्हणता येईल की किती इंच बर्फ पडेल आणि आघाडी केव्हा येईल हे दोन अंदाज सारख्या भरवशाचे नसतात. बर्फाची खोली अनेक गोष्टींवर अवलंबून असते: वादळाचा मार्ग पन्नास मैल इकडे की तिकडे, पाऊस कोणत्या तासाला बर्फात बदलतो, आणि तो बर्फ किती हलका आहे. ढोबळ हिशेबात एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतात, पण कडाक्याच्या थंडीत तोच पंधरा-वीस इंच होतो. म्हणजे पाण्याच्या अंदाजात थोडीशी चूक झाली तरी बर्फाचा आकडा पार बदलतो. जोरदार शीत आघाडी मात्र शेकडो मैल लांबीची, वातावरणात स्पष्ट दिसणारी रचना असते. ती आपल्या पश्चिमेकडच्या राज्यांतून येत असताना तिथली केंद्रे तिची वेळ दर तासाला नोंदवत असतात, त्यामुळे एक-दोन दिवस आधी तिच्या आगमनाचा अंदाज सहसा काही तासांपेक्षा जास्त चुकत नाही.

हे तपासायचे असेल तर हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयातील अंदाजकार रोज लिहितात ते 'फोरकास्ट डिस्कशन' वाचावे. त्यात त्यांना कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे मोकळेपणाने लिहिलेले असते. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचे संगणकीय प्रारूप किंचित वेगवेगळ्या पन्नास आरंभस्थितींपासून तोच अंदाज पुन्हा पुन्हा काढते. त्या पन्नासांत एकवाक्यता किती आहे यावरून अंदाजकार आपला विश्वास ठरवतात. आजच्या टिपणात बर्फाच्या खोलीबद्दल साशंकता आहे, मात्र दुपारच्या घसरणीबद्दल अजिबात नाही. सभेसाठी आपल्याला नेमकी याच दुसऱ्या गोष्टीची खात्री हवी होती.

आता १४ अंशांबद्दल. उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी तापमान आणि वारा या दोन्हींवर ठरते. हवामान सेवा २००१ पासून वापरत असलेल्या विंड चिलच्या सूत्राने हिशेब केला तर शनिवारी संध्याकाळी १८ अंश आणि ताशी २५ मैल वारा यांमुळे थंडी शून्य अंश फॅरनहाइटसारखी जाणवेल. रविवारी दुपारी वारा ताशी आठ मैलांवर येणार आहे, त्यामुळे १४ अंशांची थंडी तीन अंशांसारखी वाटेल. तेव्हा पारा खाली असूनही वडीलधाऱ्यांना रविवारची दुपार शनिवारच्या संध्याकाळपेक्षा काकणभर सुसह्यच ठरेल, आणि रस्ते तोवर मोकळे झालेले असतील, ही त्यातली मोठी गोष्ट. एक सावधगिरी मात्र त्यांना आवर्जून सांगावी. आघाडी गेल्यानंतर आकाश निळेशार होते आणि लख्ख ऊन पडते. खिडकीतून पाहणाऱ्याला बाहेर उबदार असेल असे वाटते आणि तो टोपी-हातमोज्यांशिवाय फेरफटक्याला निघतो. कान, नाक आणि बोटे यांना हिमदंश अशाच दिवशी होतो. पारा शून्यावर आणि वारा ताशी १५ मैल असेल तर उघड्या त्वचेला हिमदंश व्हायला अर्धा तास पुरतो.

गाडीचे म्हणाल तर विंड चिल ही सजीवांच्या त्वचेसाठीची मोजणी आहे. वाऱ्यामुळे गाडी लवकर थंड होते, पण हवेच्या तापमानापेक्षा खाली कधीच जात नाही. १४ अंशांना चांगल्या बॅटरीची गाडी नक्की चालू होते. जुन्या बॅटरीची मात्र परीक्षा होईल. घरातल्या पाण्याच्या नळ्यांची काळजी रविवारी रात्री अधिक घ्यावी, कारण तेव्हा वारा पडलेला असेल, आकाश निरभ्र असेल, जमिनीवर ताजा बर्फ असेल आणि जमिनीची उष्णता विनाअडथळा निघून जाईल. त्या रात्री पारा शून्याखाली दोन अंशांपर्यंत उतरण्याचा अंदाज आहे. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवून नळाची बारीक धार चालू ठेवावी.

आपला,
एक सभासद


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
विषय: सभेच्या वेळेत बदल – निर्णय

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सर्वांच्या पत्रांबद्दल आभार. कार्यकारिणीने आज सकाळी चर्चा करून वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी दुपारी एक ते चार या वेळेत घेण्याचे ठरवले आहे, जेणेकरून अंधार पडून रस्ते पुन्हा गोठू लागण्यापूर्वी सर्व जण घरी पोहोचतील. सभागृहाच्या व्यवस्थापनाने वाहनतळावरचा बर्फ रविवारी सकाळी काढून तिथे मीठ टाकण्याचे मान्य केले आहे. तरीही वृद्ध व्यक्तींना गाडीतून दारापाशीच उतरवावे आणि मगच गाडी लावण्यास जावे. जे सभासद शनिवारी दुसऱ्या कामासाठी बाहेर पडणार आहेत त्यांनी दुपारी एकपूर्वी परतण्याचा प्रयत्न करावा. शुक्रवारी रात्रीच्या अंदाजात आघाडीची वेळ दोन-तीन तास पुढे-मागे झाली तरी शनिवारची संध्याकाळ गोठलेलीच असेल, त्यामुळे हा निर्णय बदलणार नाही. सभेची कार्यसूची पूर्वी कळवल्याप्रमाणेच राहील.

आपली,
सचिव