विंडोज ११ टाकल्यापासून मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडलं की पीसी रीस्टार्ट, मदत हवी आहे

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी आमची छोटी प्रेस आहे, डीटीपी मीच बघतो, आणि लग्नसराई तोंडावर आलीये म्हणून जरा घाईत लिहितोय, समजून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून जुन्यावरच अपग्रेड मारून ११ घेतलं. टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) होतं, प्रोसेसर इंटेल आठव्या पिढीचा, रॅम १६ जीबी, इन्स्टॉल अगदी सुरळीत झालं. पण आता मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर (यूएसबी डोंगलवालं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी लायसन्सची चावी लावली तरच चालणारं) चालू करून पेजमेकर ह्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टायपिंगला बसलो की थोड्या वेळाने स्क्रीन काळी, वर दोन ओळी इंग्रजी, वाचेवाचेपर्यंत रीस्टार्ट. कधी तासभर काही होत नाही, कधी लागोपाठ. कोरल, ब्राउझर, टॅली, बाकी सगळं व्यवस्थित चालतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) लाल खुणेने कर्नल पॉवर ४१ अशी एन्ट्री दिसते. आमच्या इथला रिपेअरवाला म्हणतो पॉवरचा प्रॉब्लेम आहे, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदला. बदलू का? अँटीव्हायरस विकतचा आहे, आणि विंडोजचा डिफेंडर पण दिसतोय, त्यांचं भांडण असेल का?

खटपट्या:
एसएमपीएसला हात लावू नका अजून. कर्नल पॉवर ४१ म्हणजे फक्त एवढंच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, ती चोरी झाल्यावर लिहिलेली एफआयआर आहे, त्यात चोराचं नाव नसतं. आणि पॉवर गेली असती तर स्क्रीनवर ओळी यायला वेळच मिळाला नसता. तुम्ही बघताय ती जुनी निळी स्क्रीनच आहे, विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी केलीये. आधी सिस्टम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा म्हणजे स्क्रीन थांबेल, मोबाईलने फोटो काढा. तिथेच खाली डंपच्या (क्रॅशच्या वेळी मेमरीत काय होतं त्याची फाईल) ठिकाणी स्मॉल मेमरी डंप निवडा. पुढचा क्रॅश झाला की सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर बघा.
अँटीव्हायरसचं म्हणाल तर बाहेरचा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, भांडण होतं ते बाहेरचे दोन असले तर. कंट्रोल पॅनेलमध्ये जुना एखादा एक्स्पायर झालेला पडून नाही ना ते बघा, प्रेसमध्ये हमखास असतो.

सर्किटशेठ:
एसएसडी कुठली आहे? विंडोज ११ चं २४एच२ हे व्हर्जन आलं तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० च्या २ टीबीवाल्यांना असेच क्रॅश यायचे, ती ड्राइव्ह मेन रॅममधून ६४ एमबीऐवजी २०० एमबी मागायला लागली होती, ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट केल्यावर थांबलं. आणि एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाईली तपासणारी कमांड) मारलं का?

पत्रिकावाला:
एसएसडी साधी साटावाली आहे, ती केस नाही. एसएफसी मारलं, काही सापडलं नाही. फोटो मिळाला: ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, आणि खाली एका एसवायएस फाईलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या फाईलचं नाव. अँटीव्हायरस एकच आहे. सेफ मोडमध्ये रात्रभर चालू ठेवला, ढिम्म हलला नाही, पण तिथे डोंगलच ओळखत नाही त्यामुळे टायपिंग करता येत नाही.

खटपट्या:
मग झालं की, सेफ मोडने अर्धं उत्तर दिलं. तिथे बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) लोड होत नाहीत. आता पक्कं करायला विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन उघडा आणि मेमरी इंटिग्रिटी ऑन करून बघा. न चालणारा ड्रायव्हर असेल तर ते ऑन होणार नाही आणि फाईलच्या नावासकट यादी दाखवेल. फोटोतलं नाव त्यात आलं की शंका नको. स्टोअरमधून विनडीबीजी (डंप वाचायचं टूल) घेऊन मिनीडंप उघडलात तरी तेच नाव दिसेल, पण एवढ्यात गरज नाही.
हे असं का होतं तर डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसतो. साधा प्रोग्राम चुकला तर तोच बंद पडतो, कर्नलमधला चुकला तर अख्खं मशीन आडवं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका फाईलने जगभरात ८५ लाख मशीन बसवली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायला लागले, ते ह्याच कारणाने. तुमचा ड्रायव्हर बहुतेक विंडोज ७ च्या काळातला, अपग्रेडने तो तसाच उचलून ११ मध्ये आणला.

नदीकाठचा:
एक राहिलं, अपग्रेडला १० दिवस झाले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमध्ये गो बॅक दिसेल, तेवढ्यात परत १० वर जाता येतं. मी तरी जाणार नाही, पण दार उघडं ठेवा. आणि रिकव्हरीत काही करायच्या आधी बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारं विंडोजचं फीचर) चालू आहे का बघा, चालू असेल तर ४८ आकडी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून ठेवा. ती मागितली आणि नसली तर पत्रिका काय, सगळाच डेटा गेला.

पत्रिकावाला:
यादीत दोन नावं आली, एक तीच डोंगलची फाईल, दुसरी भंगारात दिलेल्या स्कॅनरची. दोन्ही काढली, डोंगल न लावता दिवसभर काम केलं, एकही क्रॅश नाही. पण डोंगलशिवाय फॉन्ट चालत नाहीत आणि गिऱ्हाईकांच्या सगळ्या जुन्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत, युनिकोडला (सगळीकडे चालणाऱ्या नव्या पद्धतीला) नेलं की जोडाक्षरांचा चुराडा होतो. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणे नवीन व्हर्जन घ्या.

खटपट्या:
नवीन व्हर्जनचे पैसे भरायच्या आधी त्यांना फक्त डोंगलचा नवा रनटाइम (ड्रायव्हरचं पॅकेज) मागा. डोंगल बनवणारी कंपनी वेगळी असते, बऱ्याचदा त्यांच्या साइटवर फुकट मिळतो आणि जुन्या डोंगललाही चालतो. टाकताना डोंगल काढून ठेवा, इन्स्टॉल, रीस्टार्ट, मग लावा.
नाहीच जमलं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ७ टाका, यूएसबी फिल्टरने डोंगल आतल्या मशीनला द्या, नेट बंद ठेवा. आतला ड्रायव्हर कोसळला तरी आतलंच मशीन पडेल. प्रिंटरच्या नादी लागू नका, पीडीएफ करून बाहेर काढा.

पत्रिकावाला:
रनटाइम मिळाला, सॉफ्टवेअरवाल्यांकडून नाही, डोंगलवर छापलेल्या कंपनीच्या साइटवरूनच. फॉन्ट चालू झाले, मेमरी इंटिग्रिटीही ऑन झाली. अजून क्रॅश नाही, पण सीझनभर चालवल्याशिवाय धागा बंद करत नाही. एसएमपीएसची ऑर्डर रद्द केली. पुढेमागे लागलं तर म्हणून व्हर्च्युअलबॉक्सही टाकून बघितलं, त्यात पेजमेकरमधून पीडीएफ काढताना पान ए४ चंच येतंय, पत्रिकेचा साईझ कुठे द्यायचा ते कुणाला माहीत असेल तर सांगा, ते पण करूनच ठेवतो.