‘स्मृतिचित्रे’ वाचताना: स्वातंत्र्य एकाचं, भुर्दंड दुसऱ्याला?

चाफेकळी (नाशिक):
लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र शाळेत धड्यापुरतं वाचलं होतं, आता अख्खं वाचतेय. निमित्त असं की आमचे हे कंपनीतली नोकरी सोडून दिंडोरीकडे पूर्णवेळ शेती करायला निघालेत. ‘मला माझ्या मनासारखं जगायचंय.’ जगा की! फ्लॅटचा हप्ता मात्र माझ्या पगारातून.

लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, तेही बायकोला न सांगता. सदसद्विवेक त्यांचा, आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात दिवस काढले लक्ष्मीबाईंनी. तुम्हाला हे वाचताना राग नाही आला?

वडाचापार:
टिळकांना काय फुकट मिळालं? जात गेली, नातीगोती तुटली, मान गेला. त्या काळात ही गंमत नव्हती, ताई.

चाफेकळी:
गंमत नव्हती हे कबूल. पण त्यांनी ठरवून सोडलं, हिचं न विचारता गेलं. फरक तिथेच आहे.

सोलापुरी_आज्जी:
अगं, अर्ध्यावर थांबून भांडू नकोस, पुढे वाच. लक्ष्मीबाईचा बाप जलालपूरचा, तुमच्या नाशकाजवळचाच. सोवळं इतकं की बाजारचं मीठसुद्धा धुऊन घ्यायचा! त्या घरची ही मुलगी. ख्रिस्ती नवऱ्याकडे परत आली तरी आपलं सोवळं सांभाळून होती. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, तेवढं श्रेय त्यांना देते मी. (बाकी तो माणूस संसाराला अजिबात उपयोगाचा नव्हता. रागावला की घर सोडून चालता व्हायचा.)

मग जात माणसानेच केली ना, असा विचार करून तिने ती सोडली, स्वतःची स्वतः. बाप्तिस्मा घेतला १९०० साली. नवऱ्याचा निर्णय तिच्या अंगावर येऊन आदळला होता, हा तिने पाच वर्षं घासाघीस करून घेतला. माहेरचं पाणी तुटण्याची किंमत काय, हे तोवर तिला चांगलं ठाऊक झालं होतं. म्हणून मला त्या दोघांत ती जास्त स्वतंत्र वाटते.

आणि ती हसतखेळत सांगते त्याला भुलू नकोस. पुस्तक यायला लागलं १९३४ला, तेव्हा बाई साठी ओलांडलेली, टिळक जाऊन पंधरा वर्षं झालेली. पंढरपुरात असताना काही ती हसत नव्हती.

चाफेकळी:
आज्जी, हे पटलं. पण पाच वर्षं थांबायची माझी तयारी नाही. काल ह्यांना सरळ विचारलं, पहिलं पीक हाती येईपर्यंत घरखर्चात तुमचा वाटा किती?

वडाचापार:
मग? काय म्हणाले?

चाफेकळी:
‘बघू.’

सोलापुरी_आज्जी:
आकडा घे. आणि लिहून घे.