जनावरं पारखायच्या स्पर्धेला टीम कशी करतात? (फोर-एच वाले करतात तशी)

चिकोडीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आम्ही चिकोडी तालुक्यातली पाच पोरं, वय सोळा ते अठरा, सगळ्यांच्या घरी डेअरीला दूध जातंय. युट्यूबवर अमेरिकेतल्या फोर-एच आणि एफएफए (शेती-जनावरं शिकणाऱ्या पोरांच्या तिकडच्या संघटना) ह्यांच्या पोरांचे व्हिडिओ बघितले, चार गाई उभ्या करतात, पोरं लांबून बघत कायतरी लिहून घेतात आणि मग एकेकटं जाऊन साहेबासमोर फाडफाड बोलतात. निम्मं डोक्यावरनं गेलं. टीम कितीची, मार्क कसे, आणि आमच्या जत्रेत असलं करता येईल काय? बाबा म्हणतात, जनावर बघायला स्पर्धा कशाला पायजे, डोळे हाईत की.

म्हसवाला_संकेश्वर:
चांगला विषय काढलास भावा. टीम शक्यतो चौघांची, त्यातल्या वरच्या तिघांचे मार्क धरतात. पण टीम नावालाच, रिंगणात एकमेकाशी बोलायचं नाही, जो तो आपापला. चार जनावरांचा एक क्लास, क्रम लावायचा, ५० मार्क.

आता गंमत बघ. समजा जजचा क्रम २-१-४-३. शेजारशेजारची जोडी उलटी लावली तर किती मार्क कापायचे ते आधीच ठरवलेलं असतंय, धर ३, ५ आणि २. मधल्या जोडीत फरक उघडा दिसतोय म्हणून ५, ती उलटी लावलीस तर ४५ मिळाले. शेवटच्या दोघी जवळजवळ सारख्या, तिथं चुकलास तर दोनच गेले. पण ४ नंबरला उचलून पहिलीच केलीस, म्हणजे ४-२-१-३, तर दोनच्या वर नेली म्हणून ३ आणि ५ मिळून आठ, एकच्या वर नेली म्हणून आणि ५, एकूण १३ गेले, ३७ उरले. म्हणजे चूक किती मोठी त्यावर दंड.

दुभत्या गाईचं तिकडचं गुणपत्रक पण पाठ करून ठेव: कासेला ४०, दुधाळ अंगलटीला २५, मागचे पाय आणि खुरांना २०, बांध्याला १५. आपली लोकं आधी शिंगं न रंग बघतात 😄

रुमालाखालचा_भाव:
बाबांचं चुकीचं नाही ओ. आमचे आजोबा बैल चालताना नुसता बघून सांगायचे कुठल्या पायात दोष हाय. पण का म्हणून विचारलं की "तुला नाही कळायचं". बाजारात तर भाव सुद्धा रुमालाखाली बोटं धरून, तोंडातनं शब्द नाही. आपली सगळी पारख अशी झाकलेली, म्हाताऱ्याबरोबर गेली की गेली. ती पोरं फाडफाड बोलतात ना, तेच खरं शिकायचं हाय, क्रम लावणं त्यामानानं सोपं.

म्हसवाला_संकेश्वर:
बरोबर बोललात काका. त्या बोलण्याला रीझन्स म्हणतात, त्याला वेगळे ५० मार्क, वेळ दोन मिनिटं, कागद न बघता. नुसतं "दोन नंबर चांगली" चालत नाही, तुलना पायजे: "दोनला एकच्या वर ठेवली कारण हिची मागची कास जास्त उंच आणि रुंद बांधलेली, सड सारखे". आणि खालच्या गाईत जे खरंच चांगलं आहे ते पण कबूल करायचं, "एक नंबर पायानं सरस आहे हे मान्य, पण". हे कबूल करणं आपल्याकडं जीवावर येतंय, आपलं ते सगळंच भारी.

खानापूर_लाल_माती:
आम्ही गावात एकदा करून बघितलं, फसलं. जज ज्याला केलं त्याचीच एक गाय चारात उभी, मग काय पहिला नंबर कुणाचा ते सांगायला नको, भांडणं झाली. तेव्हा जज लांबच्या गावचा आणा. आणि क्रम आधी लिहून पाकिटात घालून ठेवा, पोरांचं ऐकून बदलायचा नाही. गाई सारख्या वयाच्या न सारख्या वेताच्या घ्या, पहिल्या वेताची आणि चौथ्या वेताची शेजारी उभी केली तर काय तुलना करणार. अंगावर फक्त नंबर, मालकानं लांब उभारायचं.

चिकोडीचा_पोरगा:
लई उपयोगी पडलं. एक अडचण, आमच्यातला एक कन्नड मिडीयमचा, गोठ्यात मराठी कळतंय पण दोन मिनिटं बोलायला अडखळतोय.

रुमालाखालचा_भाव:
मग बोलू दे की कन्नडात, दोन्ही कळणारा जज बघा, ह्या भागात असली माणसं ढिगानं. कासेला मराठीत कास म्हण नाहीतर कन्नडात केच्चलु म्हण, गाईला फरक पडत नाही.

चिकोडीचा_पोरगा:
होय की 😂 रविवारी आमच्याच गोठ्यातल्या चार एचएफ (होल्स्टीन) गाई उभ्या करतोय. बाबांना सांगितलंय, तुम्ही क्रम लावा, पण कारणं मोठ्यानं सांगायची. अजून हो म्हणाले नाहीत.