शब्दचर्चा : सुपरमून, उपभू पौर्णिमा आणि गोदेचे 'उधाण'

प्रश्न : ५ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्रिपुरारी पौर्णिमेला, नाशकात गोदावरीच्या रामकुंडावर दिवे सोडून परतताना आमच्यात वाद झाला. एक जण 'आज सुपरमून आहे' म्हणाला, दुसऱ्याने 'महाचंद्र म्हणा' अशी दुरुस्ती केली आणि तिसऱ्याने 'म्हणजे गोदेलाही उधाण येणार' अशी भर घातली. हे शब्द कितपत नेमके आहेत?

उत्तर : 'सुपरमून' हा शब्द खगोलशास्त्रज्ञांचा नाही. अमेरिकेतील ज्योतिषी रिचर्ड नोल यांनी तो १९७९ मध्ये रूढ केला. 'महाचंद्र' हे त्याचेच शब्दशः भाषांतर असल्याने मूळ दोष त्यातही उतरला आहे, कारण चंद्र त्या दिवशी मोठा होत नसून केवळ जवळ आलेला असतो. त्याचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे, आणि आपण म्हणता त्या रात्री ते सुमारे ३,५७,००० किलोमीटर होते. कक्षेतील या निकटबिंदूला मराठीत 'उपभू' आणि दूरबिंदूला 'अपभू' हे चांगले घडवलेले शब्द आहेत. 'उपसूर्य' आणि 'अपसूर्य' ही जोडीही त्याच साच्यातली. म्हणून 'उपभू पौर्णिमा' हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. जुन्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे खगोलगणिताच्या ग्रंथांत, दूरबिंदूला 'उच्च' म्हणत, पण पत्रिकेतला 'उच्चीचा चंद्र' म्हणजे वृषभेतला चंद्र, त्यामुळे तो शब्द आज वापरल्यास घोटाळाच होईल.

आता उधाणाविषयी. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी साधारण एका रेषेत आले की समुद्राला येते ती उधाणाची भरती, आणि ती पौर्णिमेइतकीच अमावास्येलाही येते. अष्टमीच्या सुमाराची कमी भरती ती भांगाची (हा भांग केसांतला नव्हे). भरती आणणारे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून अंतर सात टक्क्यांनी घटले तरी चंद्राचा वाटा सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर पाणी बहुधा काही सेंटिमीटरच अधिक चढते; मात्र त्याच वेळी वादळी वारे असतील, तर तेवढेही सखल भागाला महागात पडते.

गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर असला, तरी नदी पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि नाशकापर्यंत भरती पोहोचत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (या मूर्तीवरून नाशिककर पुराची उंची जोखतात) छातीला लागते ते पाणी पुराचे असते, आणि तो पूर पावसाचा व धरणातून सोडलेल्या विसर्गाचा असतो. नाशिककरांकडे उधाण आलेच तर 'आनंदाला उधाण' या वाक्प्रचारातूनच येते.

पुरवणी प्रश्न : पंचवटीच्या बाजूने उगवलेला चंद्र खरोखरच प्रचंड दिसत होता. तो भ्रम होता का?

उत्तर : बराचसा. अतिदूरच्या पौर्णिमेशी तुलना केली, तर उपभू पौर्णिमेचे बिंब सुमारे १४ टक्के मोठे आणि ३० टक्के तेजस्वी असते, पण सरासरी पौर्णिमेशी तुलना केल्यास आकारातला फरक त्याच्या निम्माच उरतो. क्षितिजालगत घरे आणि झाडे यांच्या शेजारी चंद्र मोठा भासतो, तो दृष्टिभ्रम दर पौर्णिमेला होतो. हाताच्या अंतरावर धरलेल्या करंगळीने बिंब झाकून पाहावे, आणि मध्यरात्री चंद्र डोक्यावर आला की पुन्हा झाकावे. करंगळी तेवढीच पुरते.