पाण्याकाठी, चिखलात फोटो काढायला टिकाऊ वॉटरप्रूफ पॅन्ट कोणती घ्यावी?

पाणकावळा_कोथरूड
मंडळी सल्ला हवाय. सुट्टीच्या दिवशी पहाटे पक्ष्यांचे फोटो काढायला कवडीपाट नाहीतर भिगवण असं चालू असतं, आणि जुलैत ग्रुपबरोबर आंबोलीला बेडूक-साप शूट करायला जायचं ठरतंय. लो अँगलसाठी गुडघ्यावर बसायचं, कधी सरळ पालथंच पडायचं. बाइकवरच्या रेनसूटची पॅन्ट वरचा पाऊस अडवते पण गुडघ्याला हमखास ओली, आणि दोन पावसाळ्यांत मध्ये उसवते. दुकानात वॉटरप्रूफपणाचे ३०००, ५०००, १०००० असे आकडे सांगतात आणि किंमत त्या मानाने चढत जाते. आकडा बघायचा का कापड? एकच पॅन्ट सगळीकडे चालेल का? बजेट ओढूनताणून पाच हजार, लेन्सचे हप्ते अजून फिटायचेत.

बोरीबाभळी
आकडा म्हणजे कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी आत यायला लागतं ते. वरून पडणाऱ्या पावसाला ३०००-५००० खूप झाले. पण तुम्ही ओल्या मातीत गुडघे टेकता तेव्हा सत्तर किलोचं वजन दोन तळहाताएवढ्या जागेवर येतं, हिशोब केला तर दर चौरस सेंटीमीटरला अर्धा ते एक किलो, म्हणजेच ५००० ते १०००० मिमी. म्हणून तिथूनच ओली होते, पॅन्टचा दोष नाही. तरी जास्त आकड्यासाठी पैसे घालण्याआधी शिवण आतून टेप केलेली आहे का ते उलटी करून बघा, नसेल तर १०००० ला काही अर्थ नाही. आणि गुडघ्याला फरशी बसवणारे कारागीर लावतात ते नीपॅड घ्या, पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. वजन पसरतं, कापड झिजत नाही आणि खडे टोचत नाहीत ते वेगळंच.

चापडा_बघणारा
आंबोलीचं सांगतो. तिथे जुलैत "ब्रीदेबल" वगैरेला पैसे देऊ नका. ते कापड घामाची वाफ बाहेर टाकतं ते बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर, आणि आंबोलीत हवाच पाण्याने भरलेली, मग वाफ जाणार कुठे, पावसाने नाही तर घामाने भिजणारच. त्यापेक्षा बाजूला लांब चेन असलेली पॅन्ट बघा, उघडली की वारा लागतो. आत कॉटन किंवा जीन्स अजिबात नको, पटकन वाळणारी ट्रॅकपॅन्ट बरी.

खरा त्रास जळवांचा. त्यासाठी लीच सॉक्स, गुडघ्यापर्यंतचे, घट्ट विणीचे, आतली ट्रॅकपॅन्ट त्यांत खोचून वर नाडी आवळायची. रात्री गमबूट हवेतच, चापडा (विषारी साप) पायाशी झुडपात बसलेला असतो आणि आपलं लक्ष व्ह्यूफाइंडरमध्ये. मीठ, तंबाखू, डास पळवणारं औषध हाताला चोळून बेडकाजवळ जाऊ नका रे बाबांनो, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. शिवाय डीट हे रसायन असलेलं डासांचं औषध कॅमेऱ्याचं प्लास्टिकही खातं.

पाणकावळा_कोथरूड
नीपॅडचं डोक्यातच आलं नव्हतं, भारी. मग भिगवणला छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायची बुटांसकट वॉटरप्रूफ पॅन्ट) घेतले तर? पाण्यात उतरून रोहित (फ्लेमिंगो) एकदम डोळ्याच्या पातळीवर मिळतील.

नदीकाठचा_काका
भिगवणला वेडर घालून एकट्याने उतरायचा विचार सोडा. तिथे उजनी धरणाच्या पाण्याखाली अख्खी गावं गेलीयेत, गाळ किती खोल आणि कुठे खड्डा ते वरून कळत नाही, आणि वेडरमध्ये पाणी शिरलं की पाय उचलणं मुश्किल. घातलेच तर कमरेला पट्टा घट्ट आवळलेला पाहिजे आणि कुंभारगावचा एखादा नावाडी सोबत. पण गरज काय? होडीत बसून कॅमेरा काठाबाहेर खाली धरला की अँगल मिळतो, भिजतं ते बूड, कारण होडीच्या तळाला पाणी असतंच. साधी रेनपॅन्ट पुरते.

कवडीपाटला मात्र मी गमबुटाशिवाय काठावर जात नाही. मुळा-मुठेचं पाणी काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) भीती. घरी आलं की पॅन्ट साबणाने धुऊन सावलीत वाळवा, ओली गुंडाळून डिकीत ठेवली की आतलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं, टिकाऊपणाचा निम्मा हिशोब तिथेच संपतो.

कुसळ
सासवड, सुप्याच्या माळावर जाणार असाल तर हे सगळं विसरा. तिथे पाणी नाही, कुसळी गवत आणि बाभळीचे काटे आहेत, पातळ वॉटरप्रूफ कापडाची एका सकाळीत चाळण. वर ते चालताना खसखस वाजतं, लांडगा सोडा, चिंकारा पण कान टवकारून निघून जाईल. जाड कॉटन-पॉलिस्टरची कार्गो आणि खाली गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण), बास.

बोरीबाभळी
+१. म्हणजे एकच पॅन्ट सगळीकडे चालत नाही. पाच हजारांत टेप केलेली साधी रेनपॅन्ट, नीपॅड, गमबूट, लीच सॉक्स बसवा. पॅन्ट एक साइज मोठी घ्या आणि दुकानात गमबूट घालूनच ट्राय करा, उकिडवं बसून बघा, लोक बघतील तर बघू देत. खालची चेन बुटावरून जात नसेल तर तिथेच परत द्या.