मिथेनॉलची आग दिसत नाही, मग इंडी ५००मध्ये ते का चाललं?

नटबोल्ट: १९६४च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या कार शर्यतीत दुसऱ्याच फेरीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे चालक पेट्रोलच्या आगीच्या अपघातात गेले. त्यानंतर तिथे पेट्रोलऐवजी मिथेनॉल हे अल्कोहोल इंधन म्हणून आलं. पण १९८१ला चालक रिक मीअर्सच्या पिटमध्ये (गाडीत इंधन भरायच्या जागी) माणसं पेटली आणि ज्वाला दिसेना. मग हे सुरक्षित कसं? क्लबच्या ड्रॅग बाइकसाठी (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीची बाइक) मिथेनॉल घ्यायचं चाललंय, म्हणून विचारतोय.

वाफारा: फायदा आहे तो विझवण्यात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरवत जातं; मिथेनॉल पाण्यात मिसळतं. ज्वालेत काजळी नसल्याने आजूबाजूला आचही कमी लागते, आणि ती दिसत नाही तेही त्यामुळेच. टाकीचं गणित मात्र उलटं आहे. बंद टाकीत पेट्रोलची वाफ बहुधा इतकी दाट असते की पेटत नाही. मिथेनॉलची हवेत ६ ते ३६ टक्के वाफ असली की पेटते आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते) साधारण ११ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या हवेत अर्धवट भरलेला डबा नेहमीच धोक्याचा. धातूचाच डबा घ्या, ओतताना डबा आणि टाकी तारेने जोडून अर्थिंग द्या. इंजिन गरम असताना भरूच नका.

पिटलेन: पाणी भरपूर हवं. बादलीभर मारलं तर पातळ झालेलं मिश्रणही जळत राहतं. साधा फोम मिथेनॉलवर विरघळतो, अल्कोहोल-रोधक फोमच मागवा. माणूस अंग झटकत असेल तर ज्वाला शोधत बसू नका, आधी पाणी ओता. संशयित जागी जाताना कोरडी केरसुणी पुढे धरा, ती पेटली की आग कुठे आहे ते कळतं.

जेट १६०: मिथेनॉलच्या एका भागाला वजनाने ६.४ भाग हवा लागते, पेट्रोलच्या एका भागाला १४.७. म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त इंधन वाहतं, गळतीही तेवढीच मोठी. ते ॲल्युमिनियम खातं. त्यातून होणारी पांढरी भुकटी जेटमध्ये (इंधनाच्या बारीक छिद्रात) अडकली की मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यात इंधन कमी पडून, पिस्टन वितळतो. दिवस संपला की सगळं रिकामं करून थोडा वेळ पेट्रोलवर चालवा.

आणि विषाचं हलक्यात घेऊ नका. २०१५ला मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनेच. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळ्यांची नस जाते. १० मिलीही पुरतं. कातडीतूनही शिरतं, म्हणून ब्यूटिल रबराचे हातमोजे. तोंडाने सायफन कधीच करायचं नाही. त्रास बारा-चोवीस तासांनी दिसू शकतो, त्यामुळे पोटात गेल्याचा संशय आला तरी लगेच रुग्णालयात जा आणि मिथेनॉल हा शब्द स्पष्ट सांगा. उपाय आहेत, पण वेळेत.